कपाळावरचा दिवा : मशालीपासून हेडलॅम्पपर्यंत

जबलपूरच्या आसपास अंधारात कामाला निघणाऱ्या माणसांची संख्या लहान नाही. कान्हा आणि पेंचच्या जंगलांत गस्त घालणारे वनरक्षक, मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपूर्वी मोहफुले वेचायला निघणारी गोंड आणि बैगा कुटुंबे, रात्रीच्या पाळीत मिळणाऱ्या विजेवर पिकाला पाणी देणारे नर्मदाकाठचे शेतकरी, पेंच खोऱ्यातील कोळसा खाणींत उतरणारे कामगार, कालव्यांचे बोगदे खोदणारे मजूर. जबलपूरमध्ये १९८४ मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेसारख्या संस्थांचे कीटकशास्त्रज्ञही याच मालिकेत येतात, कारण घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीवर बसलेला डास टिपायचा तर हाती नळी लागते आणि डासावर उजेडही लागतो. या सर्वांची गरज एकच आहे : उजेड हवा आणि दोन्ही हात मोकळे हवेत.

ही गरज भागवणारी वस्तू आज कोणत्याही बाजारात मिळते. पुस्तकी मराठीत हातातल्या दिव्याला विजेरी म्हणतात, गावात तिला बॅटरी म्हणतात, आणि डोक्याला पट्ट्याने बांधायच्या प्रकाराला हेडटॉर्च किंवा हेडलॅम्प. तिच्या खोक्यावर एक भला मोठा आकडा छापलेला असतो आणि बहुतेक खरेदी त्या आकड्याकडे पाहूनच होते. तो आकडा फारच थोडे सांगतो. हेडलॅम्प कसा निवडावा, याचे निकष एखाद्या प्रयोगशाळेत एका दिवसात ठरलेले नाहीत. खाणी, बोगदे आणि जंगले यांच्या दोनशे वर्षांच्या इतिहासातून, आणि पुष्कळ जीव गमावून, ते ठरत आले आहेत.

विजेपूर्वी प्रवासातला उजेड ही वस्तू नव्हती, ती एका माणसाची चाकरी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस जबलपूरचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि १८१७ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. या दोन्ही राजवटींत रात्रीचा प्रवास मशालचीवर अवलंबून असे. काठीच्या टोकाला चिंध्या गुंडाळायच्या, एका हाताने तेलाचे भांडे धरून त्यावर थोडे थोडे तेल ओतत राहायचे आणि पालखीच्या पुढे किंवा बाजूने धावायचे, असे ते काम होते. मराठी मुलखात दिवट्या, टेंभा, पलिता हे शब्द याच व्यवहारातून रुळले. कोकणात पावसाळी रात्री खेकडे धरायला निघालेला माणूस वाळक्या काड्यांची चूड पेटवी, तेव्हा त्याचाही एक हात त्या चुडीतच गुंतलेला असे. उजेड धरणारा एक आणि काम करणारा दुसरा, ही विभागणी श्रीमंताला परवडत असे. गरिबाला एका हातानेच काम उरकावे लागे.

ही विभागणी मोडली ती खाणींनी. कोळशाच्या थराशी वाकून किंवा आडवे पडून काम करणाऱ्या माणसाला दिवा धरणारा सोबती ठेवणे शक्य नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमधील खाणकामगार टोपीच्या पुढच्या बाजूला आकड्याने अडकवायचा तेलाचा छोटा दिवा वापरू लागले. आपल्याकडच्या चिमणीचीच ती एक लहान बहीण म्हणता येईल : पोटात तेल, चोचीतून बाहेर आलेली वात. उजेड क्षीण आणि धूर भरपूर, पण मान वळेल तिकडे उजेड वळू लागला. हेडलॅम्पची मूळ कल्पना एवढीच आहे आणि ती तेव्हापासून बदललेली नाही.

मात्र उघड्या ज्योतीला खाणीत एक भयंकर शत्रू होता. कोळशाच्या थरात अडकलेला मिथेन वायू हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीसरशी स्फोट होतो. २५ मे १८१२ रोजी इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत असाच स्फोट होऊन ९२ जण दगावले. त्यानंतर शास्त्रज्ञांकडे सुरक्षित दिव्याची मागणी झाली आणि हंफ्री डेव्ही यांनी १८१५ च्या नोव्हेंबरात आपला शोध रॉयल सोसायटीपुढे मांडला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली तर जाळीचा धातू उष्णता झटकन पसरवून टाकतो. जाळीबाहेरचा वायू पेट घेण्याइतका तापतच नाही. आत वायू शिरतो, ज्योतीचा आकार बदलतो, तिच्याभोवती निळसर टोपी दिसते आणि दिवा धोक्याची सूचनाही देतो. विल्यम क्लॅनी आणि जॉर्ज स्टीफन्सन हेही त्याच सुमारास त्याच प्रश्नाशी झुंजत होते. डेव्ही यांनी आपल्या दिव्याचे पेटंट घेतले नाही.

या कथेचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. डेव्ही यांचा दिवा आल्यावर खाणींतील मृत्यू लगेच घटले नाहीत. वायूमुळे पूर्वी सोडून दिलेल्या थरांत मालकांनी पुन्हा माणसे उतरवली. दिवा सुरक्षित आहे या भरवशावर हवा खेळती ठेवण्याकडे दुर्लक्ष झाले. जाळीमुळे उजेड इतका कमी पडे की कामगार ती काढून टाकण्याचा मोह आवरू शकत नसत, आणि जाळी गंजली किंवा फाटली की तिचा उपयोग संपे. सुरक्षा साधनाने वाढलेला आत्मविश्वास धोक्याला नव्या जागी नेऊन ठेवतो, हा धडा तेव्हा प्रथम स्पष्टपणे मिळाला. कपाळावर झगझगीत दिवा आहे म्हणून अनवाणी शेतात उतरणाऱ्या माणसालाही तो तितकाच लागू पडतो.

जबलपूरच्या परिसरात हा इतिहास रेल्वेबरोबर आला. अलाहाबादकडून येणारा मार्ग १८६७ मध्ये जबलपूरला पोहोचला. मुंबईकडून थळ घाटातील बोगदे फोडून निघालेला मार्ग १८७० च्या मार्चमध्ये त्याला येथेच मिळाला आणि मुंबई-कलकत्ता प्रवास सलग झाला. इंजिनांना कोळसा हवा होता. नरसिंहपूर जिल्ह्यात गाडरवाऱ्याजवळच्या मोहपाणी येथील खाण नर्मदा खोऱ्यातील या मागणीवर चालली. १८८० च्या दशकात उमरियाची खाण सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी छिंदवाड्याकडील पेंच खोरे कोळशासाठी खोदले जाऊ लागले. पेंच खोऱ्यातील त्या खाणी आज नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहेत. भारतात खाणींसाठी पहिला कायदा १९०१ मध्ये झाला आणि १९०२ मध्ये खाण तपासणीची सरकारी यंत्रणा उभी राहिली. आजच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचे मूळ तेथे आहे. कोणत्या खाणीत कोणता दिवा न्यावा, हा प्रश्न त्यानंतर मालकाच्या मर्जीचा न राहता नियमाचा झाला.

याच काळात टोपीवरच्या दिव्याला नवे इंधन मिळाले. १८९२ मध्ये अमेरिकेत थॉमस विल्सन यांना, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये आंरी म्वासां यांना, विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड मिळाले. या राखाडी खड्यांवर पाणी पडले की ॲसिटिलिन वायू सुटतो आणि मागे चुन्याचा साका उरतो. वरच्या कप्प्यातून पाण्याचा थेंब थेंब खालच्या कप्प्यातील कार्बाइडवर पडेल आणि सुटलेला वायू बारीक तोटीतून जळेल, असा छोटा दिवा बनवणे सोपे होते. फ्रेडरिक बाल्डविन यांनी १९०० मध्ये असा दिवा सायकलसाठी नोंदवला आणि तो लवकरच खाणकामगारांच्या टोपीवर चढला. वातीच्या दिव्यापेक्षा हा उजेड कितीतरी पांढरा आणि स्वच्छ होता. भारतातही सायकलींवर, जत्रांतील पालांत आणि फेरीवाल्यांच्या गाड्यांवर कार्बाइडचे दिवे दीर्घकाळ जळत राहिले. गुहा धुंडाळणाऱ्यांनी तर तो विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सोडला नाही, कारण त्याचा उजेड सर्वदूर मऊ पसरे आणि थंडीत ऊबही देई.

पण तोही उघड्या ज्योतीचाच दिवा होता. कार्बाइडला आज आपण दोन वाईट कारणांसाठी ओळखतो. आंबे कृत्रिमरीत्या पिकवण्यासाठी त्याचा वापर करण्यास भारतात बंदी आहे, आणि २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशातील अनेक शहरांत घरगुती कार्बाइड बंदुकांनी मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा केल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. बंदुकीत जे घडते तेच दिव्यात घडत असे : पाणी, कार्बाइड, ॲसिटिलिन आणि ठिणगी. फरक एवढाच की दिव्याची तोटी वायूला सावकाश जळू देई, आणि बंद नळीत तोच वायू एका क्षणात पेटतो.

ज्योतच काढून टाकण्याचा मार्ग विजेने दाखवला. १९१२ मध्ये अमेरिकेतील जेड येथील खाणीत उघड्या दिव्यामुळे मिथेन पेटून ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. त्या दुर्घटनेने हादरलेले खाण अभियंते जॉन रायन आणि त्यांचे सहकारी जॉर्ज डाइक थॉमस एडिसन यांच्याकडे गेले. एडिसन यांनी पुन्हा पुन्हा भारित करता येणारा विजेचा घट कमरेला, बल्ब टोपीवर आणि दोहोंमध्ये जाड तार अशी रचना केली. बल्ब फुटताच विद्युतमंडल आपोआप तुटावे, अशी योजना त्यात होती. १९१४ मध्ये हा दिवा तयार झाला. उजेड अवघ्या काही मेणबत्त्यांइतका होता, पण तो कामगाराची संपूर्ण पाळी टिकत असे आणि खाणीतील वायूला पेटवत नसे. हे दोन गुण मिळाले म्हणून झगझगाटाचा आग्रह कोणी धरला नाही. खाणीच्या तोंडाशी दिव्यांची खोली आली. पाळी सुरू होताना क्रमांकाचा दिवा घ्यायचा, संपताना तो भारित करायला परत द्यायचा. ज्या क्रमांकाचा दिवा परत आला नाही तो माणूस अजून खाली आहे, हे तेथील फळीवरून कळू लागले. दिवा हजेरीपटही झाला.

खाणीबाहेरच्या माणसाला मात्र हा जड घट सोयीचा नव्हता. गिर्यारोहक आणि गुहाशोधक आपापल्या परीने हातातली विजेरी कपाळाला बांधण्याचे प्रयोग करीत होते. फ्रान्समधील फर्नां पेत्झल हे स्वतः गुहाशोधक होते. त्यांच्या कंपनीने १९७३ मध्ये घटासह सगळा दिवा डोक्यावरच बसवला आणि कमरेपर्यंत जाणारी तार गेली. तरीही तापणाऱ्या तारेचा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत दवडी. वजन कमी करायचे तर दिवा तासाभरात मंद होई, आणि दिवा टिकवायचा तर घट जड होई.

ही कोंडी पदार्थविज्ञानाने फोडली. लाल रंगाचा दृश्य प्रकाश देणारा एलईडी १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी दाखवला होता, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी लागतो आणि तो तीस वर्षे हुलकावणी देत राहिला. गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणे ही त्यातली अडचण होती. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी ती सोडवली. १९९३ मध्ये नाकामुरा यांचा तेजस्वी निळा एलईडी आला, त्यावर पिवळी दीप्ती देणाऱ्या पदार्थाचा लेप देऊन पांढरा प्रकाश मिळाला आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. २००० साली पेत्झल कंपनीने तीन एलईडी आणि तीन छोटे पेन्सिल सेल असलेला, मुठीत मावणारा टिक्का नावाचा हेडलॅम्प बाजारात आणला. आजचे बहुतेक सुटसुटीत हेडलॅम्प त्याच घाटाचे आहेत. १९९१ मध्ये व्यवहारात आलेल्या लिथियम आयन घटाने पुढची पायरी गाठली. त्या घटाच्या मूळ संशोधनाला २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. खेड्यातल्या दुकानात टांगलेल्या स्वस्त दिव्यात अशी दोन नोबेल पारितोषिके सामावलेली आहेत.

आता त्या खोक्यावरच्या आकड्याकडे वळता येईल. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. एका साध्या मेणबत्तीचा प्रकाश सुमारे १२ ल्युमेन असतो. पण दूरचे दिसण्यासाठी प्रकाश एका दिशेला किती एकवटला आहे हे महत्त्वाचे, आणि ते कँडेलामध्ये मोजतात. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होतो. म्हणून झोत दुप्पट लांब न्यायचा तर तीव्रता चौपट लागते, आणि तीव्रता दुप्पट केली तर झोत जेमतेम १.४ पट लांब जातो. हातातल्या आणि डोक्यावरच्या दिव्यांसाठी २००९ पासून वापरात असलेल्या अमेरिकी मानकात झोताचे अंतर जेथे ०.२५ लक्स, म्हणजे स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड उरतो तेथपर्यंत मोजतात. शंभर मीटरसाठी २,५०० कँडेला लागतात. तंबूत स्वयंपाक करणाऱ्याला किंवा मोहफुले वेचणाऱ्याला शंभर मीटरची गरजच नसते. त्याला पायापासून पाच-सहा मीटरपर्यंत सारखा पसरलेला उजेड हवा. गस्तीवरच्या वनरक्षकाला दोन्ही हवे : पायाजवळ पसरट आणि दूरवर एकवटलेला.

खोक्यावरचा दावा खरा आहे का, हे ताडून पाहणेही फारसे अवघड नाही. तीन छोट्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये मिळून सुमारे ५ वॉट-तास ऊर्जा असते. चांगला एलईडी दिवा एका वॉटमागे साधारण १०० ल्युमेन देतो. म्हणजे त्या तीन सेलांत सुमारे ५०० ल्युमेन-तासांचा साठा आहे. १०० ल्युमेनवर पाच तास, ५० ल्युमेनवर दहा तास. अशा दिव्यावर ‘१,००० ल्युमेन, दहा तास’ असे छापले असेल तर तो निसर्गनियमांना न जुमानणारा दिवा ठरेल. त्यातही एक खोच आहे. वरील मानकानुसार प्रकाश दिवा लावल्यानंतर अर्ध्या मिनिटाच्या सुमारास मोजतात, आणि टिकाऊपणा मूळ प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरेस्तोवर धरतात. त्यामुळे पहिली काही मिनिटे झळाळून, मग तापू नये म्हणून स्वतःच मंद होऊन रात्रभर मिणमिणणारा दिवाही दोन्ही आकडे प्रामाणिकपणे मोठे दाखवू शकतो. पाळीभर एकसारखा टिकणारा उजेड हवा, हा खाणींनी शिकवलेला निकष येथे पुन्हा कामी येतो.

तिसरा निकष डोळ्याचा आहे. अंधारात पाहण्याचे काम दृष्टिपटलावरील दंडपेशी करतात. त्यांतील ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य प्रखर प्रकाशात विघटित होते आणि पूर्ववत व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. ते सर्वाधिक संवेदनशील असते सुमारे ५०० नॅनोमीटरच्या निळसर हिरव्या प्रकाशाला. गडद लाल प्रकाश त्याला जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून मंद लाल उजेडात नकाशा वाचला किंवा नोंदवही भरली, तर मान वर केल्यावर आकाशातले तारे आणि रानवाटेची कड दोन्ही दिसत राहतात. नागपूर-जबलपूर वाटेवरचे महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिले अंधाराकाश उद्यान ठरले. तेथे रात्र घालवणाऱ्यासाठी लाल प्रकाशाची सोय ही चैन नाही. कीटकांचाही यात वाटा आहे. २०२४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले की उडणारे कीटक दिव्याकडे आकर्षित होण्यापेक्षा त्याच्या उजेडाला आकाश समजून पाठ तिकडे वळवतात आणि त्याच्याभोवती घिरट्यांत अडकतात. कपाळावरच्या दिव्याच्या बाबतीत हा अडकलेला थवा चेहऱ्यासमोरच असतो. पिवळसर आणि मंद प्रकाशावर तो कमी जमतो.

डोळ्याजवळ बांधलेल्या दिव्याचा एक लाभ वनरक्षक अनुभवाने जाणतात. चितळ, रानमांजर, बिबट्या यांच्या दृष्टिपटलामागे परावर्तक थर असतो आणि तो प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो. दिवा डोळ्याच्या रेषेत असल्याने ती चमक पाहणाऱ्याला लगेच दिसते. पण सापांच्या डोळ्यांत असा थर सामान्यतः नसतो. डोळ्यांच्या चमकीवर विसंबणाऱ्याला बिबट्या दिसेल आणि वाटेवरची घोणस दिसणार नाही. आणखी एक उणीव अशी की डोळ्याजवळून पडणारा उजेड वस्तूंच्या सावल्या त्यांच्या मागेच लपवतो. त्यामुळे जमीन सपाट भासते, आणि खड्डा, मुळी व वेटोळे यांतील फरक पुसट होतो. तोच दिवा कमरेजवळ हातात धरला की सावल्या लांब पडतात आणि जमिनीचा उंचसखलपणा उमटतो. म्हणून चालताना पट्टा काढून दिवा हातात घेता येईल, असा हलका आणि सहज सुटणारा हेडलॅम्प अधिक उपयोगी ठरतो. लाल प्रकाश चालण्यासाठी वापरू नये. वाळक्या पानांवर पडलेल्या घोणशीच्या अंगावरचे ठिपके ओळखायला पांढरा आणि रंग खरे दाखवणारा प्रकाशच लागतो.

हा तपशील सूक्ष्म वाटेल, पण त्याच्यामागची संख्या सूक्ष्म नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मरण पावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्म्याहून अधिक मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले होते. त्यांतील सुमारे ७० टक्के ज्या आठ राज्यांत घडले त्यांत मध्य प्रदेश आहे. मरणारे बहुतांशी ग्रामीण होते, आणि दंश बहुधा पायाला होतो. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने सर्पदंशविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. प्रतिविषाचा पुरवठा आणि दवाखान्यापर्यंतची वाहतूक हे त्याचे मुख्य खांब आहेत, पण दंश टाळण्याच्या साध्या उपायांत रात्री उजेड वापरणे आणि पायात बूट घालणे हेच आधी येते. खांद्यावर फावडे घेऊन बारे द्यायला निघालेल्या शेतकऱ्याला हातातली बॅटरी जेथे खाली ठेवावी लागते, तेथेच त्याचे पाय अंधारात जातात. कपाळावरच्या दिव्याने हा एक धोका निश्चित कमी होतो.

मोहफुलांची गोष्टही अशीच आहे. मोहाची फुले रात्री उशिरा ते पहाटे गळतात. प्राणी आणि शेजारी यांच्या आधी ती वेचायची तर अंधारातच निघावे लागते. पाचोळ्यात फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत मध्य भारतात जुनी आहे, आणि उन्हाळ्यातील वणव्यांच्या ज्ञात कारणांपैकी ती एक आहे. वेचणाऱ्यांवर अस्वलाचे हल्लेही याच मोसमात होतात, कारण अस्वलालाही मोह तितकाच प्रिय. झाडाखाली जाळी बांधणे हा आगीला सर्वांत चांगला पर्याय आहे. दिवा त्याला पूरक आहे : वाट दाखवतो, अस्वलाची चाहूल वेळेवर देतो आणि दोन्ही हात टोपलीसाठी मोकळे ठेवतो.

खाण आणि बोगदा यांचा नियम मात्र वेगळा आहे, आणि तो न कळल्यास घात होऊ शकतो. नर्मदेचे पाणी सोनेच्या खोऱ्याकडे नेण्यासाठी कटनी जिल्ह्यात स्लीमनाबादजवळ सुमारे १२ किलोमीटरचा बोगदा खोदला जात असताना २०२२ च्या फेब्रुवारीत माती कोसळून नऊ मजूर गाडले गेले. सात जणांना वाचवता आले, दोघे गेले. ज्या विल्यम स्लीमन यांचे नाव त्या गावाला आहे त्यांच्या काळी या मुलखात रात्रीच्या वाटेवर मशालीच चालत. आज जमिनीखाली काम करणाऱ्याच्या शिरस्त्राणावर दिवा असतो, आणि दरड कोसळून बाकी सर्व वीज गेली तरी तो एकटा जळत राहतो. पण मिथेनची शक्यता असलेल्या कोळसा खाणीत बाजारातला साधा हेडलॅम्प नेणे म्हणजे १८१२ पूर्वीच्या काळात परत जाणे. तेथे ठिणगीने वायू पेटणार नाही अशी रचना तपासून मान्यता दिलेलाच दिवा लागतो. त्याचे तेज कमी असले तरी चालते, मान्यता मात्र असावीच लागते.

यावरून निवडीचे निकष एका ओळीत मांडता येतात. आधी हवा कशी आहे ते पाहावे. मग किती अंतरावरचे काम आहे, किती तासांचे आहे, आणि डोळ्याला अंधार राखायचा आहे की जमीन वाचायची आहे, ते ठरवावे. छावणीसाठी शंभर-दीडशे ल्युमेन, मंद आणि लाल दोन्ही पायऱ्या, आणि शंभर ग्रॅमच्या आतले वजन पुरते. शेतकऱ्याला त्याहून मोठा घट आणि पाण्यापासून चांगले संरक्षण हवे. आयपीएक्स ४ म्हणजे केवळ शिंतोडे सोसणारा, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. पावसाळी बांधावर दुसराच कामाचा. जंगलातल्या लांब गस्तीला पुनर्भारित घटाबरोबर गावातल्या दुकानात मिळणारे साधे सेलही चालतील असा दिवा बरा, कारण वीज दोन दिवसांच्या अंतरावर असू शकते. सोबत एक सुटा जोड घट ठेवणे हे कोणत्याही वाढीव ल्युमेनपेक्षा मोलाचे.

हे सर्व करूनही दिवा काही प्रश्न सोडवत नाही. शेतीला वीज दिवसा मिळाली तर शेतकऱ्याला रात्री बांधावर जावेच लागणार नाही. आरोग्य केंद्रात प्रतिविष असेल तर दंश झालेला माणूस वाचेल. बोगद्याच्या छताला वेळेवर आधार दिला तर शिरस्त्राणावरचा दिवा ढिगाऱ्याखाली जळण्याची वेळ येणार नाही. डेव्ही यांच्या दिव्यानंतर खाणमालकांनी हवा खेळती ठेवण्याचा खर्च टाळला होता, आणि त्याची किंमत खाली उतरणाऱ्यांनी दिली. कपाळावरच्या स्वस्त, हलक्या दिव्याच्या निमित्ताने तोच हिशेब पुन्हा मांडला जाऊ नये, एवढी काळजी दिवा विकत घेणाऱ्यापेक्षा रात्रीचे काम नेमून देणाऱ्यांनी घ्यायची आहे.